सुमीच्या तक्त्यात शून्य नव्हतं

दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी मुगाची डाळ आणि तांदूळ धूत होते. सुमीने आदल्या दिवशी पातळ खिचडी मागितली होती. मागितली म्हणजे नुसते ओठ हलवून सांगितलं होतं, आणि मी मनात म्हटलं होतं, दोन चमचे पोटात गेले तरी पुष्कळ. रात्री तिच्याजवळ आया असायची आणि सकाळी डबा घेऊन मी जायची, असं आमचं ठरलेलं होतं. वॉर्डातली सिस्टर फोनवर म्हणाली, "दीदी, आप आ जाइए," आणि जरा थांबून, "आराम से आइए." त्या 'आराम से'मध्ये सगळं आलं. धावत येण्यासारखं काही उरलेलं असतं तेव्हा कुणी आरामात या म्हणत नाही. मी फोन ठेवला, धुतलेले डाळ-तांदूळ झाकून ठेवले आणि बाहेरच्या खोलीत आले. आई वाती वळत बसली होती. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं, हातातली वात पुरी केली, डबीत ठेवली आणि विचारलं, "मी येऊ का तुझ्यासोबत, की तू तिला घरीच घेऊन येतेस?" मी म्हटलं, "घरीच आणते." दौलतगंजच्या कोपऱ्यावर त्या दिवशी रिक्षा लगेच मिळाली.

याला आता काही आठवडे झाले. मधल्या काळात तिच्या संस्थेतल्या लोकांनी शोकसभा घेतली, ती आम्ही घरात संगणकाच्या पडद्यावर पाहिली. तिचं काम, तिची चिकाटी, तिचे विद्यार्थी... सगळं खरं होतं आणि सगळं चांगलंच बोलले. पण त्यातली डॉक्टर सुमेधा मला काही केल्या ओळखू येईना. आमची सुमी तिरसट होती, चहात दोन चमचे जास्त साखर घालायची, आणि एखाद्या गोष्टीची खात्री नसेल तर तुम्ही उलटं टांगलं तरी 'हो' म्हणायची नाही. मी तिची मोठी बहीण. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात मुलींच्या एका शाळेत जन्मभर रसायनशास्त्र शिकवून आता घरी बसलेली मास्तरीण. त्यामुळे हे लिहिणं जरा मास्तरणीच्या सुरात होईल, ते वाचणाऱ्यांनी चालवून घ्यावं.

अकरावीत ती माझ्याच वर्गात होती. प्रयोगशाळेत मुलींना एक अनोळखी लवण द्यायचं, त्यात काय आहे आणि काय नाही ते त्यांनी एकेक परीक्षा करून शोधायचं. नळीत साका पडला तर लिहायचं 'उपस्थित', नाही पडला तर 'अनुपस्थित'. शाळा हिंदी माध्यमाची, शब्द ठरलेले. सगळ्या मुली तसंच लिहीत. सुमीने लिहिलं, 'दिखा नहीं'. मी विचारलं, हे काय? तर सगळ्या वर्गासमोर म्हणाली, "मॅडम, साका पडला नाही एवढंच मला दिसलं. नसेलच असं मी कसं लिहू? थोडंसं असेल तर?" घरी ताई आणि शाळेत मॅडम, एवढं मात्र ती पाळायची. मी तिचा अर्धा मार्क कापला, आणि आजही कापीन. परीक्षेत उत्तर द्यावं लागतं. पण तिने तो अर्धा मार्क असा मनावर घेतला की पुढे सगळं आयुष्य त्याच भांडणात काढलं, फक्त नळीऐवजी तारे घेतले.

तिचं काम मला तिने अनेकदा समजावून सांगितलं आणि मी अनेकदा तिची चेष्टा केली. आपल्या सूर्याच्या आसपास कोट्यवधी तारे आहेत, त्यातले बहुतेक सूर्यासारखे, बऱ्यापैकी नव्या जमान्यातले. पण त्यांच्यात काही फार म्हातारे तारे मिसळलेले आहेत. ते इथले नव्हेत. आकाशगंगेच्या बाहेरच्या भागातून ते येतात, आपल्या शेजारून जातात आणि पुढे निघून जातात. विश्वात अजून काही शिजलंच नव्हतं तेव्हाचे ते, त्यामुळे त्यांच्यात लोह, मॅग्नेशियम, कॅल्शियम सगळंच नावापुरतं, सूर्यात आहे त्याच्या हजाराव्या हिश्शाइतकं किंवा त्याहूनही कमी. त्यांच्या आधी जे पहिले तारे होते ते फुटून मेले, आणि त्यांनी जे काही मागे टाकलं ते या म्हाताऱ्यांनी पोटात जपून ठेवलंय. ताऱ्याचा प्रकाश फाकवून त्याची पट्टी केली की तिच्यात काळ्या रेषा दिसतात, प्रत्येक रेषा कुठल्या तरी मूलद्रव्याची. रेषा किती गडद, त्यावरून ते द्रव्य किती, हे काढायचं. सूर्याच्या पट्टीत रेषांची नुसती गर्दी असते. या म्हाताऱ्यांची पट्टी जवळजवळ कोरी. सुमी त्या कोऱ्या पट्टीवर डोळे रोवून बसायची. तिथे लोक ज्यांना 'धातू-दरिद्री तारे' म्हणतात, त्यांच्यात धातू म्हणजे हायड्रोजन आणि हेलियम सोडून बाकी सगळं. कार्बन धातू, ऑक्सिजनसुद्धा धातू. मी म्हटलं, "माझ्या वर्गात कुणी ऑक्सिजनला धातू म्हटलं असतं तर बाकावर उभी केली असती." ती म्हणाली, "म्हणून तर मी तुझ्या वर्गातून पळाले."

आणि ज्याची रेषा दिसतच नाही त्याचं काय? हा तिचा आवडता प्रश्न. तिथे शून्य लिहायचं नाही. तिच्या तक्त्यात अशा ठिकाणी एक 'पेक्षा कमी'ची खूण असायची आणि पुढे एक आकडा. याला ती वरची मर्यादा म्हणायची. अर्थ एवढाच, की असेल तर याहून कमी आहे. आमच्या दुर्बिणीला याच्या खालचं दिसत नाही. मला लॉगॅरिथम कळतात, त्यामुळे हेही कळलं की त्यांच्या मोजपट्टीत शून्याला जागाच नसते. तरुण मुलं घाईघाईत 'नाही' लिहून मोकळी होत, आणि सुमी त्यांना पुन्हा मोजायला लावायची. प्रत्येक रेषा दोन वेगवेगळ्या दिवशी मोजायची, आणि दुसऱ्यांदा मोजताना पहिलं उत्तर झाकून ठेवायचं, हा तिचा नियम. एकदा मी विचारलं, हे खूळ शिकलीस कुठे? तर म्हणाली, "आईकडून."

ते खरंच होतं. आमच्या स्वयंपाकघरात कधी काही संपलं नाही. तांदूळ 'वाढले' म्हणायचं, मीठ 'वाढलं' म्हणायचं. 'संपलं' हा शब्द चुलीजवळ उच्चारायचा नाही, ही आईच्या आईची शिस्त, दक्षिणेतून, म्हणजे महाराष्ट्रातून, आलेल्या आमच्या लोकांनी ग्वाल्हेरीत येऊन बाकी पुष्कळ सोडलं तरी हे सोडलं नाही. नुसतं म्हणायचं नाही असंही नव्हे. कुठलाही डबा पुरता रिकामा करायचा नाही, तळाशी मूठभर राहूच द्यायचं आणि वरून नवीन ओतायचं. बाबा महिनाअखेरीला चिडून म्हणत, "अहो, सरळ सांगा ना काय आणायचंय," आणि आई सांगायची, "साखर वाढलीय." सुमी म्हणायची, जगातली पहिली वरची मर्यादा मी साखरेच्या डब्यात पाहिली.

आजाराचं निदान दक्षिणेत, तिच्या कामाच्या गावी झालं. आतड्यात होता. शस्त्रक्रिया, औषधांची सलाइनं, केस गेले, नखं काळी पडली, ते सगळं तिने तिथेच सोसलं. मी जाऊन-येऊन होते. आईला एवढ्या लांब नेता येत नव्हतं, मग तिने तिच्या परीने जे करायचं ते केलं : टेकडीवरच्या देवीला नवस बोलली. माझी पोर यातून सुटली की खणा-नारळाने तुझी ओटी भरीन. खण आणला, नारळ आणला, दोन्ही कपाटात वरच्या कप्प्यात ठेवून दिले. उपचार संपल्यावर विश्रांती म्हणून सुमी ग्वाल्हेरला आली. काठीसारखी झाली होती, पण चालत होती, चिडत होती, म्हणजे आमच्या दृष्टीने बरीच होती. आणि मग तपासणीचा निकाल आला, की आजाराच्या खुणा कुठेही दिसत नाहीत.

आईने पाटणकर बाजारातून पेढे मागवले. शेजारच्या तिवारीणबाईंना, खालच्या दुकानदाराला, सगळ्यांना वाटले. मीही दोन खाल्ले. सुमीनेही एक खाल्ला. मग आई तिच्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "रिपोर्ट साफ आली ना? आता तू तुझ्या तोंडाने एकदा म्हण, की काही नाहीये आता. मग मी ओटी भरून येते. ज्याच्यासाठी बोललो त्याने सांगितल्याशिवाय नवस नाही फेडता येत."

सुमी म्हणाली, "दिसत नाहीये, आई."

"तेच ना. नाहीये म्हण."

"दिसत नाहीये एवढंच त्यांनी लिहिलंय."

"अगं पण डॉक्टर एवढे शिकलेले, त्यांना दिसत नाही म्हणजे नसेलच ना? फिकर कशाला करतेस फालतूची?"

सुमीने पेढ्यांच्या खोक्याचं झाकण लावलं. आईचे डोळे भरून आले. मी मध्ये पडले, म्हटलं, "म्हण की बाई, म्हातारीच्या समाधानासाठी. काय जातं तुझं?" ती माझ्याकडे अशी पाहायला लागली की जणू मी पुन्हा अर्धा मार्क कापलाय. म्हणाली, "ताई, हे एवढंच एक मी आयुष्यभर धरून ठेवलंय. ते पण सोडू?" त्या दिवशी आई जेवली नाही. खण-नारळ कपाटातच राहिले. मला सुमीचा भयंकर राग आला होता, आणि खरं सांगायचं तर त्या रागाखाली भीती होती, कारण ती चुकत नाही हे मला माहीत होतं.

पुढचे महिने तिने जेवणाच्या टेबलाची खिडकीकडची बाजू बळकावली. एक तारा तिचा अर्धवट राहिला होता. खूप जुना, आणि ताऱ्यांच्या हिशोबात अगदी शेजारचा. त्याची पट्टी पडद्यावर उघडून ती बसायची, अंगावर शाल, बाजूला थंड झालेला चहा. रेवती नावाची तिची विद्यार्थिनी तिकडून फोनवर असायची, दोघी हिंदी-इंग्रजीत वाद घालायच्या. एका दुपारी मी भाजी निवडत होते, तर सुमीने मला बोलावून पडद्यावर बोट ठेवलं. तिथे मला रेघ दिसेना, काही दिसेना. म्हणाली, "युरोपियम. इथे रेषा असायला हवी होती." हे द्रव्य म्हणे जिथे तयार होतं तिथेच सोनंही तयार होतं, म्हणजे आईच्या हातातल्या पाटल्या सूर्यापेक्षा जुन्या. आईने आतून ऐकलं आणि म्हणाली, "मग सराफ्यात वजन करताना सांगायला पाहिजे." सुमी हसली. पोट दुखत असल्यासारखी थोडी वाकून हसली. नंतर कळलं, खरंच दुखत होतं, आणि बरेच दिवसांपासून.

दुसऱ्या तपासणीत आजार यकृतात दिसला. आता तो चांगलाच दिसत होता. डॉक्टर बाहेर येऊन मला हिंदीत सांगत होते आणि मी मान हलवत होते. आत गेले तर सुमी भिंतीकडे तोंड करून बसलेली. मला वाटलं, ती म्हणेल, मी सांगितलं होतं. लोकांना वाटतं तसंच, की शास्त्रज्ञ माणसं मरणाकडे शांतपणे बघतात. तसं काही नव्हतं. ती हमसून रडली. म्हणाली, "मला बरोबर ठरायचं नव्हतं गं, ताई. या एका वेळी मला चूक ठरायचं होतं." मी तिला धरून बसले. माझ्या हाताला तिच्या पाठीचे मणके लागत होते.

त्यानंतरचं लिहिण्यासारखं फारसं नाही. डोळे पिवळे झाले, मग कातडी. जेवणाच्या वासाने ओकारी यायची म्हणून आम्ही फोडणी देणं बंद केलं. पाय सुजले, बाकीचं शरीर आटत गेलं. औषधाने गुंगी यायची आणि गुंगीतून जागी झाली की दुखायचं, या दोहोंमधल्या तासाभरात ती रेवतीला फोन लावायला सांगायची. शेवटच्या काही रेषांची दुसरी मोजणी रेवतीने केली, सुमीने आपली उत्तरं तिला आधी सांगितली नाहीत. दोघींची जुळली त्या दिवशी सुमीने संगणक बंद केला आणि मला म्हणाली, "हा आत ठेवून दे, टेबल मोकळं होईल." एवढंच. एक ताराच तो, आभाळात असे किती. पण त्या दिवशी ती जरा स्वस्थ झोपली.

आईला कुणी काही सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती, घर एवढंसं. मात्र ती सुमीला काही विचारत नसे. सकाळी तिचे पाय चेपायची, कपाळाला हात लावायची आणि आपल्या वातींकडे जायची. नवसाचा विषय तिने त्या पेढ्यांच्या दिवसानंतर काढलाच नव्हता. दवाखान्यात हलवायच्या आदल्या दिवशी सुमीनेच तिला जवळ बोलावलं. मी तेव्हा चादर बदलत होते. सुमीचा आवाज बसलेला होता, म्हणून आई तिच्या तोंडाजवळ कान नेऊन वाकली.

"आई," सुमी म्हणाली, "काही नाहीये आता."

आईने विचारलं, "काय नाहीये?"

"आजार. नाहीये. मी सांगते ना... तू ओटी भरून टाक."

मी चादरीचं टोक हातात धरून तशीच उभी. जेव्हा तो कुठेच दिसत नव्हता तेव्हा जे वाक्य तिने उच्चारलं नाही, ते तिने तो डोळ्यांच्या पांढऱ्यात दिसायला लागल्यावर उच्चारलं. मला वाटलं आई रडेल. आई म्हणाली, "बरं झालं. आजच जाते."

तिवारीणबाईंना सुमीजवळ बसवून आम्ही दोघी गेलो. नारळ इतके महिने ठेवलेला, मी हलवून पाहिला तर आत पाणी वाजत नव्हतं. आई म्हणाली, दुसरा घेऊ. टेकडीच्या पायथ्याशी दुसरा घेतला. आईने देवीसमोर खण पसरला, त्यावर तांदूळ, हळकुंड, सुपारी, नारळ, सगळं रीतसर. येताना रिक्षात तिने रिकामी पिशवी घडी घालून मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "लहानपणापासून तिला झूठ बोलता नाही येत. बोलली की मान खाली जाते. आज पण गेली."

मी म्हटलं, "मग तू ओटी कशाला भरलीस?"

"तिने सांगितलं ना," आई म्हणाली. "माझ्यासाठी एवढं बोलली पोरगी, आणि मी भरणार नाही?"

दुसऱ्या दिवशी सुमीला दवाखान्यात नेलं, आणि खिचडीपर्यंतचं मी वर सांगितलंच आहे.

गेल्या आठवड्यात रेवतीचा फोन आला. लेख छापायला गेला. सुमीचं नाव पहिलं आहे आणि त्यावर एक बारीक खूण, खाली तळटीप, की या आता हयात नाहीत. ती मुलगी रडत सांगत होती, "दीदी, आख़िरी टेबल बिल्कुल वैसा ही रखा है जैसा मॅम चाहती थीं." मी म्हटलं, बरं केलंस बेटा. तो तक्ता तिने मला पाठवला. लोह, मॅग्नेशियम, कॅल्शियम, सगळे आकडे ओळीने, आणि युरोपियमच्या पुढे ती 'पेक्षा कमी'ची खूण. मी आईला दाखवला. तिने चष्मा लावून पाहिला, म्हणाली, "छान आहे," आणि परत दिला.

परवा सकाळी मी चहाला आधण ठेवलं होतं. आई स्वयंपाकघरात आली, फळीवरचा साखरेचा डबा काढला, झाकण उघडून आत पाहत राहिली. बराच वेळ पाहत राहिली. मग झाकण लावलं आणि म्हणाली, "साखर संपली."

मला आधी वाटलं, मी नीट ऐकलं नाही. ती भिंतीला हात लावत बाहेर निघून गेली. मी डबा उघडला. तळाशी नेहमीसारखी मूठभर साखर होती. बाहेरून आईने विचारलं, "वृंदा, ऐकलंस ना? संपलीय म्हटलं."

"हो," मी म्हटलं, "संपली," आणि पिशवी घेऊन बाहेर पडले.